बाह्य भार : शून्य

राजेंद्रनगर संपून राऊचा रस्ता लागतो
तिथे पत्र्याच्या शेडमध्ये आमचं मशीन.
काचेआड आर्गॉन, आर्गॉनमध्ये टायटॅनियमची भुकटी,
मैद्याहून मऊ, आणि मैद्यासारखीच
कुठेही घुसणारी, हातमोज्याच्या शिवणीतसुद्धा.

एक थर पसरतो. लेझर त्यावर फिरतो
शिंप्याच्या खडूसारखा.
फिरला तिथे धातूचं क्षणभर पाणी,
मग गार.
गार होताना त्याला आक्रसायचं असतं,
फार नाही, केसाच्या जाडीचा कितवासा हिस्सा.
खालचा थर आक्रसू देत नाही.
तो आधीच गोठलाय, त्याचं माप ठरून गेलंय.
मग वरचा तसाच राहतो, ओढलेला,
आणि त्याच्यावर आणखी एक येतो.
असे बाराशे.

एकतीस तासांनी दार उघडलं.
वीतभर लांबीचा कंस, पाटाला घट्ट धरून बसलेला.
नोंदवहीत मी लिहिलं : सुरळीत.

सोमवारी पाहणी होती,
आणि भट्टी रविवारपर्यंत दुसऱ्यांना दिलेली.
वायर-कटचा पंप सुरू करण्याआधी
चौकसेंनी विचारलं, "मॅडम, भट्टी?"
मी म्हटलं, "नंतर."
हे मराठीतच म्हटलं. त्यांना कळतं;
एकोणीस वर्षं वर्तकांच्या माडीवर भाड्याने राहिलेत.

पितळेची तार पाण्यातून सरकत राहिली.
कापणं म्हणावं असा आवाजही नव्हता.
दोन तृतीयांश गेल्यावर मोकळी झालेली कड
वर आली.
कुणी हात लावला नव्हता.
हे मी नंतर तिघांना सांगितलं,
कुणीही हात लावला नव्हता.
"उठ गया, भिया," चौकसे यंत्राला म्हणाले.
एक पूर्णांक आठ मिलिमीटर.

शिकवताना सोपं वाटायचं हे सगळं :
बाहेरून काहीही लावलेलं नसताना आत जो उरतो तो ताण.
कुठे ओढ, कुठे दाब,
आणि सगळ्यांची बेरीज शून्य.
बेरीज शून्य, म्हणून तर वस्तू गप्प.
फळ्यावर मी दोन बाण काढायचे, समोरासमोर,
आणि पोरं उतरवून घ्यायची.

संध्याकाळी अहवालाचा फॉर्म भरायला बसले.
चौकसे दारात उभे, हात पुसत.
"मेरा नाम लिख दो, मॅडम. दो ही साल बचे हैं."

इतक्या पटकन म्हणाले,
जसं हे वाक्य कधीचंच घडून तयार होतं त्यांच्यात,
माझ्याआधी इथे बसलेल्या किती साहेबांनी
थरावर थर देऊन,
आणि मी फक्त तार लावली होती.

बाह्य भार : शून्य, असं लिहिलं.
कारण, या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून ठेवलं,
तिथे शाईचा ठिपका पसरला.
मग लिहिलं : घाई. भट्टीआधी कापण्याचा निर्णय माझा.
खाली सही, मृणाल रिसबूड.
चौकसेंनी वाचलं की नाही माहीत नाही,
दिवे मालवून ते गेले.

वाकलेला कंस आता माझ्या टेबलावर असतो.
सपाट जागेवर नीट बसत नाही.
शेजारी कुणी दार आपटलं की डुलतो जरासा,
आणि पाहणीवाले साहेब विचारतात, हे काय शोपीस?

दुसरा कंस पाटासकट भट्टीत गेला.
सातशेवर दोन तास. मग भट्टी बंद,
पण दार उघडायचं नाही,
तिने आपल्या चालीने उतरायचं.
आम्ही फाटकाबाहेर पोहे खाल्ले.
चौकसेंनी माझ्या पानावर न विचारता जिरावण भुरभुरलं, जास्तच,
आणि त्यांच्या नातीच्या सायकलबद्दल सांगत बसले.

चारला परत आलो. आकडा दोनशे चाळीस.
मी हातमोजे चढवले होते.
"नंतर," चौकसे म्हणाले.
आणि दारासमोर आपली खुर्ची ओढून बसले.